रविवारी खड्डा बुजवायचा होता

हे मी बोलून सांगून राह्यली. लिहायले आता दिसत नाई, आणि दिसत होतं तेव्हाही माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. सुनेनं मोबाईल चालू करून समोर ठेवला, "बोला आता" म्हणली आणि चुलीकडं गेली. कान इकडंच असतीन तिचे. असू दे, ऐकू दे.

नागभीडहून आमच्या गावाले यायले अर्धा तास लागते. गाव धानाचं, पण आमच्या गल्लीत चारपाच घरी अजून माग आहेत. आमचा माग लहान. कोशाचा, रानातल्या रेशमाचा, दुपट्टा निघते त्याच्यावर, त्याच्याहून रुंद कापड निघत नाई. समोरच्या खोलीत जमिनीत एक खड्डा आहे, गुडघ्याएवढा खोल. काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, पायाखाली दोन पावड्या. डावी दाबली की अर्धे दोरे वर, उजवी दाबली की बाकीचे अर्धे वर, आणि मधून धोटा फेकायचा. बस, एवढंच आहे. एवढंच आहे म्हणते, पण तीस वर्षं मी त्या खड्ड्यात पाय सोडून बसली आणि मले एक दिवस कंटाळा आला नाई. खोटं काऊन बोलू, आला असन एखाद वेळी. पण उठावंसं वाटलं नाई.

लोकांले वाटते मागावर बसणं म्हणजे नुसते कष्ट. आहेतच कष्ट, कंबर जाते. पण त्यातली मजा कोणी विचारत नाई. सकाळची भांडी झाली, अंगण झालं की मी बसायची. खड्ड्यात पाय घातले की भर उन्हाळ्यातही तळव्यांले गार लागते. कोशाले एक वास असते. उकळताना तो नाकाले सोसत नाई, पण दोरा वाळला की मी तोंडाजवळ नेऊन हुंगायची. रंग मधाचा, आणि तो कोणी दिलेला नाई, त्या किड्यानंच ऐनाच्या झाडाची पानं खाऊन केलेला. धोटा गेला की एक आवाज, पावडी दाबली की दुसरा, आणि फणी ठोकली की तिसरा. शेजारीण भिंतीपलीकडून माझा मिजाज ओळखायची. "आज मालकासंग भांडली का व?" म्हणायची. भांडलेली असायचीच. मालक होते तोवर रोज एक कारण असायचं. राग आला की मी फणी अशी ओढायची का त्या दिवशीच्या कापडातून पाणी गळू नये. मंग संध्याकाळी हातभर कापड पाहिलं की राग कुठी गेला ते कळायचंही नाई.

प्रत्येकीचा हात वेगळा असते. फणी किती जोरानं आपल्याकडं ओढली त्याच्यावर वीण ठरते, आणि ती ओढ कोणाले शिकवता येत नाई. माझ्या सासूचा हात शांत, सारखा. माझा भारी. डोळे मिटून कापडावर बोट फिरवलं तरी मी सांगू शकत होती, हे सासूचं, हे माझं, हे भिंतीपलीकडचीचं. हे ध्यानात ठेवा, पुढं कामात येईन.

सून जिवतीकडची. डोंगरातली, कापूस-तुरीच्या घरची. तिचा आजा मराठवाड्यातून तिकडं गेला होता, म्हणून तिचं बोलणं आमच्यावाणी नाई. ती "मला" म्हणते, "करायली" म्हणते, आणि मले "आत्याबाई". लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिले मागावर बसवलं. तिनं वीतभर विणलं. मी बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणली, "हे कापड नाई व, चाळणी आहे. पीठ चाळून घे याच्यात." घरात पाहुणे होते, खो खो हसले. ती उठली. मंग मी तिले कांड्या भरायले लावलं. धोट्यात दोऱ्याची बारकी गुंडाळी घालावी लागते, ती कांडी. सहा वर्षं पोरीनं कांड्याच भरल्या. मागावर मी तिले पुन्हा बसू दिलं नाई. ती जागा माझी होती. सासू मेली तेव्हा मले मिळाली, मी मरन तेव्हा दुसऱ्या कोणाले मिळन, हे मी घरात तोंडानं बोलून दाखवलं होतं.

तीन वर्षांआधी मले काठ दिसेनासे झाले.

आमच्या दुपट्ट्याच्या दोन्ही काठांले करवतीचे दात असतात, लाल सुताचे. तीन धोटे लागतात त्याले. दोरे मोजून दात चढवायचा, मोजून उतरवायचा. मी समोर पाहत बसली की मधलं कापड चांगलं दिसे आणि काठ नाई. मान वळवावी लागे. चालताना चौकटीले खांदा लागे. कोंबडी पायात आलेली कळत नसे. मी म्हटलं, मोतीबिंदू झाला. गावात सगळ्यांले होते, मले नाई व्हायचं तर कोणाले? आणि आमच्याकडे लहान पोरालेही माहीत आहे, मोतीबिंदू पिकू द्यावा लागते. कच्चा काढत नाई. पिकला की डॉक्टर काढते, हिरवी पट्टी बांधते, आठ दिवसांत माणूस टकाटक. म्हणून मी वाट पाहत बसली. दीड वर्ष मी माझ्या डोळ्यांले आंब्यावाणी पिकू दिलं. अशी मी हुशार!

मंग एक दिवस महाकालीच्या दर्शनाले जाते सांगून एकटी गाडीत बसली आणि चंद्रपूरले डोळ्याच्या दवाखान्यात गेली. खरं सांगतलं असतं तर पोरगा संग आला असता, आणि ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर मागावर बसू दिलं नसतं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं यंत्रात हनुवटी ठेवायले लावली, उजेडाचे ठिपके दाखवले, दिसला की बटण दाबा म्हणली. मी कितीतरी वेळ बसली, दाबायले काही दिसेचना. शेवटी तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "आजी, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे."

मी म्हणली, "मंग तो काढा."

"हा काढता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही, आजी. राहिलेली टिकवायला थेंब देते, रोज टाका. फार उशीर केला तुम्ही."

"पिकल्यावर बी नाई येत?"

तिनं थेंबाची बाटली माझ्यासमोर ठेवली. मंग म्हणली, "हा पिकत नाही. हा खात जातो."

परत येताना मी खिडकीजवळ बसली. सिंदेवाहीच्या अलीकडं जंगल लागते. मी एका डोळ्यावर हात ठेवून पाहे, मंग दुसऱ्यावर. उजव्यानं झाडाचा बुंधा दिसे, बाकी झाड नाई. मी भर गाडीत रडली. समोरच्या बाईनं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणली, "कोणी नाई, डोळ्यात धूर गेला." गाडीत कुठचा धूर! त्या बाईनं मले येडी समजलं असन.

घरी कोणाले काही सांगतलं नाई. सांगतलं तर मागावरून उठवतीन, दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. थेंबाची बाटली कांड्यांच्या डब्यात तळाशी ठेवली. तिथी कोण पाहते, म्हटलं. कांड्या रोज भरते कोण, हे डोक्यात आलं नाई. भीतीनं माणसाची अक्कल जाते ती अशी.

मंग भीत भीत विणणं सुरू झालं. दात ओठांत मोजायची, मधात विसरायची, पुन्हा बोटानं चाचपून मोजायची. मान अशी आखडे का रात्री उशीवर ठेवता येत नसे. पण खरं सांगू, त्याच दिवसांत मागाची गोडी जास्त लागली. धोटा हातात घेतला की म्हणायची, अजून आहे. पावडी दाबली की, अजून आहे. रोज सकाळी उठल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहायची आणि मान न हलवता आकडे मोजायची. आधी पूर्ण ओळ दिसे. मंग चार आकडे. मंग तीन. तिसरा गेला त्या दिवशी मी कॅलेंडर काढून चुलीत घातलं. सून म्हणली, "आत्याबाई, वर्ष संपलं नाही अजून." मी म्हणली, "माझं संपलं."

दुपारी जेवण झालं की मी शेजारणीच्या पडवीत जायची, कोसा काढायले. भिजलेल्या कोशातून दोरा ओढायचा आणि मांडीवर तळव्यानं वळायचा. त्याले डोळे लागत नाई. दोन तास जीव थाऱ्यावर राहे. परत आली की पुन्हा मागाची भीती. पण नवल असं का कापड बरोबर निघून राह्यलं होतं. संध्याकाळी मान वळवून, अगदी डोळ्याजवळ नेऊन पाहे, तर सगळे दात जागच्या जागी. माझ्याच तोंडानं मी माझी तारीफ केली. डॉक्टरणीले काय कळते, माझी बोटंच पाहतात आता, म्हटलं.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. गल्लीतल्या बाया पहाटेच जंगलात गेल्या होत्या, वाघाच्या भेवानं घोळक्यानं. सून मागं अंगण सारवत होती. मी मागावर, आणि लाईट गेली. खोलीत उजेड कमी झाला तशी मी थांबली, आणि काही करायले नाई म्हणून विणलेल्या कापडावरून तळवा फिरवला. पोटाजवळ एक गोल लाकूड असते, कापड त्याच्यावर गुंडाळत जाते. तिथपर्यंत हात नेला. आणि थांबला हात.

काठाजवळ चार बोटांची पट्टी माझी नव्हती.

मी कापड उलट सोडलं, आणखी चाचपलं. वीतभरावर दुसरी पट्टी. तिच्यामागं तिसरी.  वीण ढिल्ली नव्हती. माझ्यापेक्षाही जास्त ठोकलेली होती. कोणीतरी माझ्यावाणी ठोकायले पाहत होतं, आणि घाबरून जास्त ठोकत होतं.

मी हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, हाताले शेणाचा वास.

"हे कोणी विणलं?"

"आत्याबाई, तिथं दात चुकले होते."

"मी विचारून राह्यली कोणी विणलं."

"मी." मंग एका दमात बोलली, "तुम्ही दुपारी कोसा काढाया जाता तवा. चुकलेलं तेवढं उसवते आणि परत विणते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीपासून! म्हणजे मी ज्या कापडाच्या भरवशावर रोज रात्री झोपत होती, ते कापडच माझं नव्हतं. ती मले दया दाखवत होती, आणि मी माझ्या बोटांची आरती ओवाळून राह्यली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी काय केलं ते सांगायच्या आधी एक गोष्ट सांगते. मागावरचा ताणा, म्हणजे उभे दोरे, संपत आला तरी आम्ही तो मुळापासून कापत नाई. फणीच्या फटींत आणि तिच्यामागं टांगलेल्या दोऱ्यांच्या घरांत जुने दोरे हातभर तसेच ठेवायचे. नवा ताणा आला की जुन्या टोकाले नवं टोक, राखेच्या बोटानं पीळ देऊन जोडायचं आणि ओढून घ्यायचं. नवा दोरा जुन्याच्या वाटेनं जाते. हजारावर दोरे असतात, एकेकाची वाट ठरलेली. आमच्या मागाची वाट सासूनं भरली होती, माझ्या लग्नानंतर फणी बदलली तेव्हा. ती पुढं बसली होती आणि मी मागून एकेक दोरा देत होती. त्याच्यानंतर नुसतं जोडत आलो. माग उघडा करायचा नाई, हे तिनं मरायच्या खाटेवरही मले सांगतलं होतं.

मी कात्री घेतली आणि घरांच्याही मागून ताणा कापला. सगळा. मंग कापड दोन्ही हातांनी धरून पुढं ओढलं. दोरे घरांतून निघाले, फणीतून निघाले, सरसर माझ्या मांडीवर येऊन पडले. माग उघडा झाला.

सून नुसती "आत्याबाई!" म्हणली.

"घे," मी म्हणली. "आता उसव काय उसवायचं ते."

त्या दिवशी संध्याकाळी मी त्याच खड्ड्यात पडली. तीस वर्षं ज्याच्यात पाय सोडले, त्याचा काठच मले दिसला नाई. नडगी सोलली. पोरगा राईस मिलमधून नुकताच आला होता, त्यानं उचललं, लाईटखाली बसवलं, माझ्या तोंडासमोर बोटं नाचवली आणि त्याले सगळं कळलं. पोरगा वाईट नाई माझा. घाबरला तो. रडवेला होऊन म्हणला, "आई, पुरे झालं आता. आराम कर. रविवारी मले सुट्टी आहे, हा खड्डा बुजवून टाकतो. इथी तुह्यासाठी पलंग टाकू."

दुसऱ्या दिवशी ट्रॉली आली आणि दारासमोर मुरूम ओतून गेली. मंगळवार होता तो.

आराम कर! मी भिंतीकडं तोंड करून पडली. आराम करून करू काय? पलंगावर बसून जेवायची वाट पाहू? मले मेल्यावाणी वाटत होतं, आणि मेल्यावर निदान भूक तरी लागत नसन. तो खड्डा बुजला की मी या घरातली एक बुढी, जिले हात धरून संडासले न्यावं लागते. खड्डा आहे तोवर मी कोणीतरी आहे. देवाले म्हणली, एकच डोळा ठेव, अर्धा ठेव, मधातला बोटभर ठेव. 

बुधवारी मी उठली. मागच्या दोन काड्यांवर कापलेले दोरे अजून क्रमानं अडकून होते, तेवढं नशीब. म्हटलं, मीच केलं, मीच भरीन. वायरच्या तारेचा आकडा केला आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. दोऱ्याच्या घराले भोक असते ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि अशा घरांच्या ओळी दोन, पुढची पाटी आणि मागची पाटी. त्यातून आकडा न्यायचा, मागचा दोरा धरायचा, ओढायचा, मंग फणीच्या फटीतून काढायचा. सकाळपासून दुपारपर्यंत माझे अकरा दोरे झाले. बोटानं तपासले तर तीन चुकीच्या घरात. हजारावर दोरे, रविवार चार दिवसांवर. मी आकडा फेकला आणि फणीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. बाहेर कोणाले ऐकू जाते याची लाजही राहिली नाई.

कांड्यांचा डबा सरकवल्याचा आवाज आला. सून माझ्यासमोर उभी होती.

"उठा," म्हणली.

"काऊन? आतापासूनच बुजवते का?"

"तुम्ही मागं बसा. दोरा द्या. मी पुढं बसते."

"तुले घरं माहीत नाई."

"तुम्हाला माहीत हायेत ना."

मी उठली. दुसरं करू काय शकत होती? तिनं खड्ड्यात पाय सोडले, मी मागाच्या मागं जमिनीवर बसली, जिथी नवी नवरी असताना सासूले दोरे देत बसली होती. काड्यांवरून बोटानं एक दोरा वेगळा केला. "पुढच्या पाटीतलं पहिलं घर," मी म्हणली. "मंग मागच्या पाटीतलं पहिलं. काठाच्या फटीत तीन तीन, अंगाच्या फटीत दोन दोन. आणि अगदी कडेले चार, तिथी ताण जास्त येते." आकडा आला, माझ्या बोटाले लागला, दोरा घेऊन गेला. पुन्हा आला.

पहिला दिवस आम्ही दोघी दोऱ्याशिवाय काही बोललो नाई. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "आत्याबाई, हे तिसरं घर तुटल्यावाणी दिसायलंय. बघा बरं."

एवढे दिवस मी काय काय बहाणे केले होते. उजेड नाई, चष्मा मळला, डोकं दुखते. तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मले दिसत नाई व. तूच पाहा."

ती म्हणली, "माहीत आहे मला. बाटली सापडली होती डब्यात. त्यावरचं नाव मोबाईलात टाकून वाचलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही बोलल्या नाहीत म्हणून."

आकडा आला, मी दोरा दिला. मंग तीच म्हणली, "मला राग यायचा तुमचा. चाळणी म्हणल्या होत्या. लई वर्षं राग होता. मग तुमचं चुकलेलं उसवायला बसले तर एकेक दोरा बघावा लागायचा, तुम्ही कसा ठोकला, कुठं ओढला. तसंच ठोकलं नाही तर तुम्हाला बोटाला कळलं असतं. त्यातच शिकले मी. तुम्ही कुठं शिकवलं?"

 मी बोलण्यात कोणाले हार जात नाई, गल्लीले विचारा. त्या दिवशी गेली. आणखी दोन दोरे दिले, मंग म्हणली, "जास्त ठोकते तू. घाबरून ठोकते. म्हणून सापडली." ती म्हणली, "बरं." आणि आकडा पुन्हा आला.

शनिवारी दिवे लागले तेव्हा काठाचे वीसेक दोरे बाकी होते. रविवारी सकाळी पोरगा फावडं, घमेलं घेऊन आला. दारात थांबला. मी मागून दोरा देत होती, सून खड्ड्यात पाय सोडून बसलेली.

"हे काय चालू आहे? उठ तिथून," तो तिले म्हणला. "आज बुजवायचा आहे नं."

ती उठली नाई. मान वर न करता म्हणली, "बुजवा. आधी मला पुरा, मग बुजवा."

त्यानं फावडं भिंतीले टेकवलं. "आईले दिसत नाई, पुन्हा पडन ती! कोण पाहीन?"

"मी हाय की इथं."

"दोघीही येड्या झाल्या," म्हणत तो घमेलं आपटून गेला. मले वाटलं परत येईन. नाई आला. मुरूम अजून दारासमोर आहे, गवत उगवलं त्याच्यावर, कोंबड्या उकरतात. तिनं दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या चारही बाजूंले विटा लावून घेतल्या, पायाले लागल्या पाहिजे म्हणून.

हे झालं त्याले आता वर्ष होईन. उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यानं खिडकी कुठी आहे तेवढं समजते. मी थेंब टाकते, न चुकता टाकते, आणि रोज वाटते आज खिडकीही गेली. सकाळी डोळे उघडायले भेव लागते मले. उघडत नाई बराच वेळ.

मागावर आम्ही दोघी बसतो. मधलं अंग मी विणते, काठाचे दात ती बाजूले बसून चढवते, आणि तिच्या मनात आलं तर अंगही विणते. परवा एक दुपट्टा मागावरून उतरला. सून मागावर नव्या ताण्याचे दोरे जोडत होती. मी दुपट्टा मांडीवर घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, तिच्या पट्ट्या शोधायले. नाई सापडल्या. पुन्हा फिरवलं. गालावर घासून पाहिला, ओठांवर फिरवला. माझा हात कुठी संपला आणि तिचा कुठी सुरू झाला, मले कळेना. घाबरलेली ठोक कुठीच नव्हती.

मी तिले म्हणली, "तुले तर दिसते. सांग बरं, याच्यात माझं कोणतं?"

ती आली, उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिलं असन. मंग म्हणली, "मला नाही सांगता येत, आत्याबाई."

ज्याच्यावर माझा एवढा माज होता, डोळे गेले तरी जो जाणार नाई असं मी धरून बसली होती, तो हातही तिनं घेतला. एवढंच होतं माझ्याजवळ. मी धाय मोकलून रडली. रडायले अजून येते या डोळ्यांले, बाकी काही येत नाई. ती जवळ बसली. समजवायले गेली असती तर मी खेकसली असती.

मंग मी पदरानं तोंड पुसलं, भिंत धरून, विटा पायानं चाचपत मागाजवळ गेली. ती पुन्हा जागेवर जाऊन दोरे जोडायले बसली होती.

"सरक," मी म्हणली. "मले बसू दे."

तिनं राहिलेले दोनचार दोरे जोडले, ताणा ओढून घेतला, आणि उठली. धोटा माझ्या हातात दिला, आणि बाजूले कांड्या भरत बसली.